गमबुटाची टाच

१

वीस बिल्ले आत गेले होते आणि वीसच्या वीस परत फळ्यावर लटकत होते. तरी एक बाई कमी होती.

हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं, कारण तिच्या चपला माझ्या मांडणीवर पडून होत्या. मी या राष्ट्रीय उद्यानात गुहेच्या तोंडाशी बूट धुते. एकवीस वर्षं झाली. आतल्या वटवाघळांना बाहेरच्या मातीतून रोग लागतो, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांचे तळ औषधी पाण्यात घासून मगच त्याला आत सोडायचं आणि वर आला की पुन्हा घासायचे. चपला घालून आलेल्यांना मी गमबूट देते आणि त्यांच्या चपला ठेवून घेते. सगळे मला मावशी म्हणतात. साहेबांच्या लेखी माझं काम म्हणजे बादली आणि ब्रश, बाकी काही नाही.

दोनच्या फेरीला ती आली तेव्हा मीच तिच्या पायात गमबूट चढवले होते. सत्तरीची असेल. डाव्या चपलेचा अंगठा जाड दोऱ्याने शिवलेला. बोलकी होती.

"जिना किती पायऱ्यांचा?" तिने विचारलं.

"उतार सोपा आहे आजी. वर यायला दोनशे बारा."

"मग मला तिथंच ठेवा," ती हसून म्हणाली. "गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय."

"गाईडला सांगा. माझाच मुलगा आहे, बघेल तो," मी म्हणाले. हे वाक्य मी का बोलले असं आता रोज वाटतं.

सव्वातीनला माणसं वर आली, घामाघूम, धापा टाकत. मी मान खाली घालून तळ घासत होते. माझ्या हाताखालून एकोणीस जोड गेले. मी मोजत नाही, हातच मोजतात. विसाव्या जोडाची वाट बघत ब्रश धरून बसले होते, तेवढ्यात आजींची लेक घाबरीघुबरी होऊन आली.

"मावशी, माझी आई कुठंय?"

माझा मुलगा तिच्या मागेच उभा होता. दिवसातून चार वेळा तेच भाषण जसंच्या तसं म्हणतो म्हणून सगळे त्याला पोपट म्हणतात. तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "येतील, येतील," असं काहीतरी पुटपुटत तो धावत सुटला. गुहेत नाही. बाहेरून, टेकडीला वळसा घालून, मागच्या बाजूला.

२

साहेब म्हणजे या उद्यानाचे अधिकारी. माणूस वाईट नाही, पण कागदावर जे आहे ते खरं आणि बाकी सगळी अफवा, अशी समजूत. त्यांनी आधी फळ्याकडे बोट दाखवलं.

"बिल्ला घेऊन आत जायचं, वर आल्यावर आपल्या हाताने आपल्या नंबरच्या खिळ्यावर लावायचा. सतरा नंबर त्यांचा. हा बघा सतरा. म्हणजे त्या वर आल्या."

"मग मला दिसल्या कशा नाहीत?" लेक म्हणाली.

"गर्दीत निसटल्या असतील." साहेब माझ्याकडे वळले. "मावशी, तुमचं लक्ष कुठं होतं?"

"बुटांकडे. एकोणीस जोड धुतले मी. आणि त्यांच्या चपला इथंच आहेत."

"म्हाताऱ्या माणसाला नाही राहत भान. गेल्या असतील गमबुटांतच."

पोपट परत आला तेव्हा त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "जिन्यात सगळ्यांत शेवटी मीच होतो साहेब. माझ्या मागे कुणी नव्हतं. शपथेवर सांगतो."

तो खोटं बोलतो तेव्हा लहानपणापासून कानाची पाळी चोळतो. आता हात खिशात होते आणि नजर सरळ. खरंच बोलत होता. मला हायसं वाटलं, आणि मग त्याचीच भीती वाटली. तो शेवटचा वर आला, त्याच्या मागे कुणी नाही, आणि माझ्यापुढून ती गेली नाही, तर मग ही बाई गेली कुठे?

आजींच्या जावयाला मात्र काही गूढ वाटत नव्हतं. तो घड्याळ बघत होता.

"त्यांची सवयच आहे ती," तो म्हणाला. "कालही हॉटेलातून न सांगता बाहेर गेल्या. दोन तास शोधत होतो. घर विकायचं म्हटल्यापासून हे असंच चाललंय."

"तू आत तिला काय बोललास ते सांग ना," लेक म्हणाली.

तो पुन्हा घड्याळाकडे बघू लागला. मग लेकीनेच सांगितलं. आत, दगडी पडद्यांच्या दालनात, तो सासूला म्हणाला होता, "एवढा त्रास होतो तर घरी बसायचं होतं." त्यावरून दोघं नवराबायको भांडत भांडत तरातरा पुढे निघाली आणि सगळ्यांच्या आधी वर आली. आईकडे वळून पाहिलं नाही.

"मी वळून पाहिलं नाही मावशी," ती मला पुन्हा म्हणाली, जसं काही मीच तिला जाब विचारला होता.

साहेबांनी दोन रखवालदार घेऊन गुहेतली सगळी वाट तपासली, हाका मारल्या. साडेचारला वर आले. आत कुणी नाही. आता जंगलात, रस्त्यावर, गाड्या लावायच्या जागेत शोध सुरू झाला होता. पोपट तर त्याआधीच पुन्हा मागच्या दरीत उतरला होता.

"पाच वाजता पंखा बंद करायला सांगतो," साहेब म्हणाले.

मी ब्रश खाली ठेवला. गुहेच्या तळाशी खराब हवा साचते. जड असते, खालीच राहते. दिवसभर मोठा पंखा ती खेचून बाहेर टाकतो म्हणून तिथे माणसं फिरू शकतात. पंखा थांबल्यावर अर्ध्या तासात खालच्या भागात मेणबत्ती विझते.

"साहेब, आज राहू द्या चालू. ती आत आहे."

"सगळे बिल्ले फळ्यावर आहेत मावशी. आणि यंत्र सकाळपासून तापतंय. जळलं तर महिनाभर गुहा बंद."

३

मी फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. या फळ्याशी माझं काय देणंघेणं, रोज बाजूला असतो आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसते. आज नीट पाहिला.

वीस बिल्ले, वीस खिळे. सगळ्यांचा आकडा समोर. एकही उलटा नाही, एकही चुकीच्या खिळ्यावर नाही.

आता पर्यटक म्हणजे काय, हे मला विचारा. डावा बूट उजव्या पायात घालून येणारी माणसं. वीस जण दमून वर येतात, घाईत बिल्ला अडकवतात, आणि वीसच्या वीस सुलटे? एकाच हाताने शांतपणे लावले होते ते.

त्या फेरीतल्या एक शिक्षिका बाकावर बसून होत्या. शोध लागल्याशिवाय जाववत नाही म्हणाल्या.

"बाई, तुमचा बिल्ला तुम्ही फळ्यावर लावलात?"

"मी? नाही. खालीच दिला."

"खाली कुठे?"

"जिन्याच्या पायथ्याशी. तुमचे गाईड टोपी घेऊन उभे होते. म्हणाले, टोपीत टाका, वर चढताना दोन्ही हातांनी कठडा धरा. चांगली पद्धत आहे की."

चांगलीच पद्धत होती. मागे एकदा चढताना बिल्ला सुटून फटीत गेला होता आणि साहेबांनी पोपटाच्या नावे ठपका लिहिला होता. तेव्हापासून हा शहाणा खालीच गोळा करत असणार आणि वर येऊन आपल्या हाताने लावत असणार. नियमात बसत नाही म्हणून मलाही बोलला नाही.

म्हणजे सतरा नंबरचा बिल्ला वर आला यावरून बाई वर आली असं होत नव्हतं. बाई जिन्याच्या पायथ्यापर्यंत आली होती, एवढंच. बाकी सगळा शोध एका टोपीच्या भरवशावर जंगलात चालला होता.

पाचला पाच मिनिटं कमी होती. साहेब रखवालदारांबरोबर फाटकाकडे गेले होते. मी हाक मारली, पण एवढ्या लांब ऐकू जाणार नव्हती. मग विचार केला, साहेबांच्या मागे जाण्यापेक्षा पंखाच गाठावा. मागच्या उताराची पायवाट धरून मी धावत सुटले. या वयात आणि या वजनात धावणं म्हणजे काय ते सांगत नाही.

४

पंखाघर टेकडीच्या मागे, बरंच खाली, गुहेच्या तळाच्या पातळीला आहे. मी दारात पोचले आणि त्याच क्षणी पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. आप्पांनी बटण दाबलं होतं.

आप्पा पंख्यावर आहेत माझ्याही आधीपासून. कानांवर जाड टोप्या लावून दिवसभर त्या आवाजात बसतात. कानाच्या टोप्या काढल्या तरी त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावं लागतं.

"आप्पा, चालू करा परत. बाई आत आहे."

"साहेबांचा फोन आला, बंद करा म्हणून. तू का साहेब झालीस?"

"बिल्ले पोपटाने लावलेत. बाई वर आलीच नाही."

"मग साहेबांना सांग. ते म्हणाले की लगेच चालू करतो. आणि तसंही यंत्र जरा निवू दे, हात लावून बघ, भाजेल."

मी हात लावायला पुढे झाले. जमीन काळ्या ऑइलने माखलेली. यंत्रामागे, भिंतीत, एक जुनं लोखंडी दार आहे. त्यावर नवंकोरं कुलूप चमकत होतं आणि कडेने रबराची पट्टी मारलेली होती.

"हे कधी केलं?"

"आज सकाळी. दार खडखडायचं, फटीतून हवा खेचली जायची. साहेब स्वतः उभे राहिले, कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन गेले. कुणी वापरत नाही ते दार. जुना बोगदा आहे मागे."

तेवढ्यात ठक, ठक, ठक असा आवाज आला. बारीक, खोलवरचा. मी दचकून पाहिलं.

"काय वाजतंय?"

"काय म्हणालीस?"

"आवाज येतोय."

"लोखंड थंड होतंय. तापलेलं यंत्र थांबलं की वाजतं. रोजचंच आहे."

पुन्हा तीन ठोके आले. मग काही नाही. मी आप्पांवर विश्वास ठेवला, कारण पंख्यातलं त्यांना कळतं आणि मला बुटांतलं कळतं. आल्या पावली वर निघाले, साहेबांना गाठायला.

५

वर आले तेव्हा लेक माझ्या मांडणीपाशी जमिनीवर बसली होती. आईच्या चपला मांडीवर घेऊन शिवलेल्या अंगठ्यावरून बोट फिरवत होती.

"हा मी शिवलाय," ती म्हणाली. "नवीन घेऊन देते म्हटलं, तर म्हणाली, तुझे टाके आहेत, राहू दे."

साहेब फाटकाकडून येताना दिसत होते. ते पोचेपर्यंत माझे हात सवयीने कामाला लागले. माझ्याच चपला बादलीवर धरल्या आणि घासू लागले. काळं ऑइल. चिवट, तेलकट. असलं ऑइल मी याआधीही कितीदा घासलंय आणि दर वेळी आप्पांना शिव्या घातल्यात.

ब्रश हातातच राहिला.

गुहेच्या जिन्याला चुनखडी लागते, पांढरी. काळं ऑइल फक्त पंखाघरात. मग ते पर्यटकांच्या बुटांना कुठून लागायचं? आणि सगळ्यांच्या नाही. गेल्या तीन वर्षांतले ते जोड मला एकेक करून आठवले. काठी टेकत आलेले आजोबा. पोटुशी बाई. कंबर धरून चालणारी ती जाडी बाई. ज्यांना दोनशे बारा पायऱ्या चढवणार नाहीत, त्यांच्याच बुटांना काळं ऑइल. वळसा घालून, बाकीच्यांच्या मागून सावकाश यायचे आणि माझ्या मुलाला आशीर्वाद द्यायचे. आप्पांच्या पाठीमागून, कानाला टोप्या लावलेल्या माणसाच्या पाठीमागून, ते दार ढकलून बाहेर पडत होते.

जिन्याच्या पायथ्याशी जाळीचं दार आहे, पलीकडे जुना बोगदा. सपाट, तीनशे पावलं, दोन वळणं. तो उघडायला बंदी आहे. जाळीची किल्ली संकटकाळासाठी गाईडकडे असते. पोपटाने आजींच्या हातात बॅटरी दिली असणार, सरळ जा म्हणाला असणार, मागून जाळी बंद करून वर पळत आला असणार. त्याच्या मागे जिन्यात खरंच कुणी नव्हतं. आणि आजी बाहेर पडून वाट चुकल्या असं समजून तो तासभर पंखाघराखालच्या दरीतच का शोधत होता, तेही कळलं. बाकी सगळे रस्त्याकडे गेले होते. पण आप्पांना कळेल म्हणून तो पंखाघरात शिरला नसणार, त्यामुळे सकाळी लागलेलं कुलूप त्याने पाहिलंच नव्हतं. आणि ज्यांनी कुलूप लावलं त्यांना त्या दारातून कुणी येतं हेच माहीत नव्हतं.

बॅटरी कधीच संपली असेल. अंधारात माणूस आवाजाच्या दिशेला चिकटून राहतो. ती दाराशीच थांबली असणार. आणि थंड होणारं लोखंड तीन-तीन ठोके देत नाही.

साहेब समोर आले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. त्यांच्या मागून पोपट येत होता, हात काट्यांनी ओरबाडलेले, शर्ट फाटलेला.

आता जे सांगायचं ते सांगायला मला लाज वाटते. मी लगेच बोलले नाही. गेल्या वर्षी बंदीच्या वाटेवर नेल्याबद्दल दोन गाईडना साहेबांनी त्याच दिवशी घरी बसवलं होतं. आम्ही राहतो ती खोली उद्यानाची. सुनेला आठवा महिना. किल्ली मागायची तर कारण सांगावं लागणार होतं. मी चार श्वास गप्प उभी राहिले. मांडणीपाशी लेक चपला धरून माझ्याकडे बघत होती.

"पोपट," मी म्हणाले, "आजींना बोगद्यातून पाठवलंस ना?"

त्याचा हात कानाच्या पाळीकडे गेला आणि मध्येच थांबला. "बाहेर पडल्या त्या, आई. दार नुसतं ढकलायचं असतं. मी त्यांना सांगितलं होतं."

"दाराला आज सकाळी कुलूप लागलंय."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिलं, आणि मग ते गाडीकडे धावले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

६

दार उघडलं तेव्हा आजी आतल्या बाजूला उंबऱ्याशी पडल्या होत्या, गाल फटीला लावून. रबराची पट्टी नखांनी थोडी उचकटली होती. तिथून जी काही हवा येत होती ती त्यांनी धरून ठेवली होती. एका पायात गमबूट होता. दुसरा उजव्या हातात, टाचेकडून धरायच्या ऐवजी पंजाकडून धरलेला. टाच झिजून, फुटून, निम्मी उडाली होती.

पोपटाने त्यांना उचलून बाहेर उघड्यावर आणलं. लेक "आई, आई" करत होती. जावई उकिडवा बसून सासूचं अनवाणी पाऊल दोन्ही हातांनी चोळत होता आणि रडत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आजींच्या छातीतून घर्र असा आवाज आला आणि त्या खोकल्या.

संध्याकाळी साहेबांनी कागद काढला. पोपटाने विचारायच्या आधीच जाळीची किल्ली आणि टोपी टेबलावर ठेवली. कुलपाच्या बाबतीत साहेबांनी स्वतःबद्दलही दोन ओळी लिहिल्या, हे मी सांगायला हवं. पण नोकरी गेली ती पोपटाची. आठवड्यात खोली सोडली. आता मी दोन बस बदलून कामावर येते.

दीड महिन्याने आजी आल्या. लेकीचा हात धरून, सावकाश. चपला न्यायला आल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या चपला कुणी हलवल्या नव्हत्या, मी रोज पुसून ठेवायची.

मी त्यांच्या पायात चपला घातल्या. मग मान वर न करताच बोलले, कारण वर बघून बोलता आलं नसतं.

"आजी, पंखा थांबला तेव्हा मी त्या दाराबाहेर होते."

त्यांनी पाय चपलेत नीट सरकवला.

"तुमचे ठोके मला ऐकू आले. आम्हाला वाटलं, लोखंड थंड होतंय."

"हो," आजी म्हणाल्या. "तुमचं बोलणं ऐकू येत होतं. पंखा बंद झाला, मला किती बरं वाटलं, आता तरी कुणी ऐकेल म्हणून. ते लोखंडाचं वाजणंही ऐकलं मी. म्हणूनच तर तीन-तीनदा मारत होते. एकेकदा मारलं असतं तर तुम्हाला लोखंडच वाटलं असतं ना?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. नुसतं सांगितलं. मग त्यांनी मुलाची चौकशी केली, नात झाली म्हटल्यावर हसल्या, आणि लेकीच्या आधाराने निघून गेल्या.

तो गमबूट मी धुऊन वरच्या फळीवर ठेवलाय. साहेब दोनदा म्हणाले, टाकून द्या. मी तो टाकत नाही आणि कुणाला घालायलाही देत नाही.